तेल किती खाल्लं, हे रक्ताला विचारता येतं का?

२०२५च्या जानेवारीत देहरादूनला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं उद्घाटन करताना पंतप्रधानांनी स्वयंपाकातलं तेल १० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं. पुढच्याच महिन्यात रेडिओवरून ते पुन्हा केलं. तेव्हापासून पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर, सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या गप्पांत आणि डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये एक वाक्य फार ऐकू येतं: "आम्ही तेल बरंच कमी केलंय."

बरंच म्हणजे किती? आधी किती होतं? आणि खरंच कमी झालं, हे कशावरून ठरवायचं?

प्रश्न एका घरापुरता नाही. "तूप जास्त खाणाऱ्यांना अमुक आजार कमी होतो", "कमी स्निग्ध आहारानं तमुक टळतं" अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. हजारो लोकांना विचारलेलं असतं, "तुम्ही काय खाता?" आणि त्यांनी जे सांगितलं ते खरं मानून गणित मांडलेलं असतं. ते पडताळून पाहण्यासाठी संशोधक रक्ताकडे वळतात. रक्तातल्या, लघवीतल्या किंवा शरीराच्या इतर भागांतल्या ज्या घटकावरून खाण्याचा अंदाज बांधता येतो त्याला बायोमार्कर म्हणतात. आपण त्याला पुढे नुसतं 'खूण' म्हणू.

या खुणा काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे सामान्य माणसाला कळणं मला फार गरजेचं वाटतं. कारण रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून "तुम्ही तेल कमी केलेलंच नाही" असं पेशंटला सुनावलं जातं, आणि पुष्कळदा तो पेशंट खरं बोलत असतो.

आधी विचारून मोजायचं म्हणजे काय, ते पाहू

आहार विचारण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत गेल्या चोवीस तासांत काय खाल्लं ते आठवून सांगायचं. दुसरीत काही दिवस वही ठेवून, खाता खाता लिहीत जायचं. तिसरीत लांबलचक प्रश्नावली असते: गेल्या वर्षभरात वडापाव किती वेळा, दूध किती वेळा, शेंगदाणे किती वेळा. हजारो लोकांना वर्षानुवर्षं विचारायचं तर तिसरीच परवडते. अमेरिकेत हार्वर्डच्या वॉल्टर विलेट यांच्या गटानं १९८०पासून हजारो परिचारिकांकडून अशा प्रश्नावल्या भरून घेतल्या. आहार आणि आजार यांबद्दलची आपली निम्मीअधिक समज अशाच प्रश्नावल्यांवर उभी आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पहिली पद्धत आपल्याकडे राबवली तर संवाद साधारण असा होतो:

"काकू, काल सकाळपासून काय काय खाल्लंत?"

"सकाळी चहा आणि पोहे. दुपारी पोळी, वांग्याची भाजी, आमटी-भात. रात्री भाकरी आणि सकाळचीच भाजी."

"भाजीत तेल किती होतं?"

"असेल दोन पळ्या."

"ही पळी की ही?"

"आमची याहून खोलगट आहे. आणि अगं, काल भाजी सूनबाईनं केली होती."

इथे कुणीच काही लपवत नाही. पण पोह्यांची फोडणी, कणकेतलं मोहन, पोळीला लावलेलं तेल, आमटीवरची फोडणी, ताटात डावीकडे वाढलेली शेंगदाण्याची चटणी हे सगळं आठवायचं, त्याचे ग्रॅम करायचे, आणि पाच जणांसाठी केलेल्या भाजीतलं काकूंच्या वाट्याला किती आलं ते ठरवायचं. पोळ्या मोजता येतात. तेल पदार्थात मुरलेलं असतं. आणि आपल्या घरांत खाणारा एक आणि फोडणी घालणारी दुसरी, असं फार घडतं. घरातल्या पुरुषांना तेलाबद्दल विचारलं तर बहुतेकांना अंदाजही सांगता येत नाही. बाहेर मिसळ खाल्ली तर त्या तर्रीत किती तेल होतं, हे खाणाऱ्यालाच काय, वाढणाऱ्यालाही माहीत नसतं.

म्हणजे लोक खोटं बोलतात?

नाही. पण सांगतात त्यापेक्षा जास्त खातात, हे मात्र पक्कं मोजलं गेलं आहे. ते कसं मोजलं, ते थोडं सावकाश बघण्यासारखं आहे.

माणसाला एक खास पाणी प्यायला देतात. त्यातला काही हायड्रोजन आणि काही ऑक्सिजन नेहमीपेक्षा किंचित जड असतो. तो किरणोत्सारी नसतो, अपाय करत नाही. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या रूपानं बाहेर पडतो: लघवी, घाम, श्वासातली वाफ. जड ऑक्सिजन पाण्याबरोबर जातोच, शिवाय उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो. दोन आठवडे लघवीचे नमुने तपासले की दोघांच्या ओसरण्याच्या वेगातला फरक कळतो. त्यावरून माणसानं किती कार्बन डायऑक्साइड सोडला आणि पर्यायानं किती ऊर्जा खर्च केली, ते निघतं. वजन स्थिर असेल तर जितकी ऊर्जा खर्च झाली तितकीच खाल्ली असणार. यात कुणाच्या आठवणीचा संबंध येत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं १९९९-२०००मध्ये मेरीलँडमधल्या ४८४ स्त्री-पुरुषांवर ही पद्धत वापरली आणि त्यांनाच प्रश्नावल्याही दिल्या. निकाल २००३मध्ये प्रसिद्ध झाले. चोवीस तासांच्या आठवणीत पुरुषांनी आपली ऊर्जा १२ ते १४ टक्के आणि स्त्रियांनी १६ ते २० टक्के कमी सांगितली होती. लांब प्रश्नावलीत हीच तूट पुरुषांत ३१ ते ३६ आणि स्त्रियांत ३४ ते ३८ टक्क्यांवर गेली. म्हणजे कागदावरून जवळपास तिसरा हिस्सा गायब.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही तूट सगळ्यांची सारखी नसते. अशा अनेक अभ्यासांत वजन जास्त असलेल्यांनी आपलं खाणं अधिक कमी करून सांगितलेलं दिसतं. यामागे लबाडी आहे असं मी मानत नाही. ज्याला आयुष्यभर ताटावरून बोलणी खावी लागली, तो ताटातलं थोडं कमीच सांगणार. पण गणितावर याचा परिणाम होतो. सगळे सारखेच चुकले असते तर किमान कमी खाणारा आणि जास्त खाणारा हा क्रम तरी टिकला असता. चूक माणसागणिक बदलली की क्रमही विस्कटतो.

मग सरळ रक्तच का तपासू नये?

ऊर्जेसाठी ते जड पाणी आहे. प्रथिनांसाठी लघवीतला नायट्रोजन आहे, कारण खाल्लेल्या नायट्रोजनपैकी सुमारे ८० टक्के लघवीवाटे बाहेर येतो आणि ते प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं असतं. जे आत गेलं ते ठरावीक हिशोबानं बाहेर पडतं, म्हणून या खुणांवरून ग्रॅममध्ये उत्तर मिळतं.

स्निग्ध पदार्थांसाठी अशी खूण नाही. तेल-तूप शरीरात जळतं, साठतं, पेशींच्या आवरणात बसतं, एकातून दुसरं घडतं. ते मोजून बाहेर येत नाही. रक्तात आपल्याला दिसते ती फक्त त्या क्षणाची पातळी. पातळीवरून आवक काढता येते का, हे पुणेकराला खडकवासला धरणावरून चटकन समजेल.

धरणात आज किती पाणी आहे, एवढ्यावरून पाऊस किती झाला ते सांगता येत नाही. शहराला किती दिलं, कालव्यात किती सोडलं, मुठा नदीत किती विसर्ग झाला, यांवर पातळी ठरते. शिवाय पानशेत, वरसगाव आणि टेमघर या वरच्या धरणांचं पाणी खाली खडकवासल्यातच येतं. वरून सोडलं की खडकवासला भरतो, तिथे एक थेंब पडलेला नसला तरी. नुसत्या पातळीचा आकडा हातात घेऊन पावसावर भांडणाऱ्याला आपण थांबवू. रक्तातल्या चरबीच्या आकड्यावरून खाल्लेल्या तेलाचा निवाडा करणाऱ्यालाही तसंच थांबवायला हवं.

तेल कमी केलं, तरी ट्रायग्लिसराइड वाढलेलं का?

हा प्रश्न लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची नेहमीची तपासणी, करून घेणारे खूप जण विचारतात, आणि इथेच सर्वाधिक गैरसमज आहेत.

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून वाहणारी साधी चरबी. आपलं तेल-तूपही रासायनिकदृष्ट्या तेच असतं, म्हणून रिपोर्टमधला आकडा वाढला की संशय थेट कढईवर जातो. पण जेवणानंतर दहा-बारा तासांनी, उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात जे ट्रायग्लिसराइड सापडतं ते मुख्यतः यकृतानं बांधून सोडलेलं असतं. तुम्ही आदल्या रात्री खाल्लेलं तेल तोवर बहुतांशी रक्तातून उचललं गेलेलं असतं. यकृत हे ट्रायग्लिसराइड वाढवतं ते अनेक कारणांनी: भात, पोळी, साखर अशी पिष्टमय आणि गोड आवक जास्त झाली, दारू घेतली, पोटावर चरबी साठली, मधुमेह ताब्यात नसला, थायरॉइड मंदावलं, काही औषधं चालू असली. पिष्टमय पदार्थांपासून यकृत नवी चरबीही तयार करतं. पानशेतचं पाणी ते हेच.

म्हणून तेल कमी करून त्या जागी दोन पोळ्या जास्त किंवा चहात साखर जास्त असा बदल झाला, तर ट्रायग्लिसराइड वाढू शकतं, आणि 'चांगलं' म्हटलं जाणारं एचडीएल कोलेस्टेरॉल उतरू शकतं. पेशंट खरोखर तेल सोडतो आणि रिपोर्ट बिघडतो. त्याला खोटारडा ठरवणं हा अन्याय आहे.

संपृक्त चरबीचंही तसंच. संपृक्त म्हणजे तूप, लोणी, खोबरेल, पामतेल यांत भरपूर असणारी. तिचा मुख्य घटक पामिटिक आम्ल. ते रक्तात मोजता येतं, पण यकृत पिष्टमय पदार्थांपासून पहिल्यांदा हेच तयार करतं. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात १६ जणांना सगळं जेवण प्रयोगशाळेतून दिलं गेलं. दर तीन आठवड्यांनी पिष्टमय पदार्थ वाढवत नेले आणि संपृक्त चरबी कमी करत आणली, रोजच्या ८४ ग्रॅमवरून ३२ ग्रॅमपर्यंत. रक्तातली संपृक्त चरबी मात्र जवळपास जागची हलली नाही. वाढलं ते पामिटोलेइक नावाचं दुसरं मेदाम्ल (चरबीचा एक घटक), जे यकृतात चरबी घडत असल्याची खूण मानलं जातं.

आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२५च्या आयसीएमआर-इंडिआब पाहणीत भारतीयांना रोजच्या ऊर्जेपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून मिळते असं दिसलं. (हा आकडाही लोकांना विचारूनच काढलेला आहे, हे लक्षात असू द्यावं.) वरच्या धरणांतून पाणी सतत येत असताना खडकवासल्याच्या पातळीवरून पाऊस मोजायला निघणं कितपत शहाणपणाचं?

मग रक्त काहीच सांगत नाही?

सांगतं, आणि काही बाबतींत फार चांगलं सांगतं. त्यासाठी 'एकूण चरबी' सोडून एकेका मेदाम्लाकडे जावं लागतं. मेदाम्लं म्हणजे सगळ्या तेला-तुपांचे घटक. प्रत्येक तेलात त्यांचं मिश्रण वेगळं असतं. नियम साधा आहे: जे मेदाम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही, ते रक्तात सापडलं तर तोंडावाटेच आलेलं असणार.

लिनोलेइक आम्ल त्यातलं पहिलं. करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांच्या तेलात ते भरपूर, शेंगदाण्याच्या तेलात मध्यम आणि खोबरेलात अगदी थोडं असतं. माणसाला ते बनवता येत नाही. जवसातलं अल्फा-लिनोलेनिक आम्लही तसंच बाहेरूनच येतं. बांगडा, तारली अशा तेलकट माशांतली लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लं शरीर फार थोडी बनवू शकतं, त्यामुळे मासे खाणाऱ्यांच्या रक्तात ती स्पष्ट उठून दिसतात. वनस्पती तुपातलं कारखान्यात तयार झालेलं ट्रान्स मेदाम्ल, म्हणजे मुख्यतः इलेइडिक आम्ल, शरीर बनवत नाही. जानेवारी २०२२पासून भारतात तेला-तुपातल्या अशा ट्रान्स मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. ती पाळली गेल्यानं लोकांच्या पोटात कमी जातं आहे का, हे रक्तावरून चांगलं पाहता येईल. आपण खाल्लेल्या खारीत वनस्पती होतं की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं, रक्ताला असतं.

दुधाच्या स्निग्धांशासाठी १५ आणि १७ कार्बनची, म्हणजे विषम साखळीची मेदाम्लं वापरतात. ती गाई-म्हशींच्या पोटातल्या जिवाणूंमुळे दुधात येतात. ही खूण उपयोगी आहे, पण तितकी निखळ नाही, कारण त्यांतली काही थोड्या प्रमाणात माणसाच्या शरीरातही तयार होतात.

रक्ताच्या कोणत्या भागात पाहिलं, यावर किती जुनं खाणं दिसेल ते ठरतं. ट्रायग्लिसराइडमधली मेदाम्लं गेल्या काही तासांचं, काही दिवसांचं सांगतात. रक्तद्रवातल्या इतर मेदघटकांत गेले काही आठवडे दिसतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यांच्या आवरणात गेले काही महिने दिसतात. आणि कातडीखालच्या चरबीचा सुईनं नमुना घेतला तर वर्ष-दोन वर्षांचा आहार कळतो. चारही धरणांची क्षमता मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात एकट्या खडकवासल्याची २ टीएमसीही नाही, म्हणून त्याची पातळी भराभर खालीवर होते. साठा मोठा असेल तर तो सावकाश बदलतो.

एक अडचण राहतेच. या चाचण्यांचं उत्तर बहुधा टक्क्यांत येतं: शंभर भाग मेदाम्लांत लिनोलेइक किती. सूर्यफुलाचं तेल रोज २० ग्रॅम खाणारा आणि ४० ग्रॅम खाणारा यांच्या टक्केवारीत दुपटीचा फरक पडत नाही. शेंगदाणा सोडून कुणी करडई धरली तर तेल तेवढंच राहूनही टक्केवारी वाढते. एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटतो. त्यामुळे तेल कोणत्या प्रकारचं, हे रक्त चांगलं सांगतं. किती, यावर ते अडखळतं.

सिअॅटलमध्ये १५३ स्त्रियांना दोन आठवडे त्यांच्या नेहमीच्या आहारासारखंच, पण मोजून दिलेलं जेवण दिलं आणि नंतर रक्त तपासलं. ब-१२ आणि फोलेटसारख्या जीवनसत्त्वांच्या खुणांनी खाणं चांगलं ओळखलं. मेदाम्लांच्या खुणा त्या मानानं बऱ्याच कमजोर निघाल्या.

४८,८३५ स्त्रिया आणि एक अवघड प्रश्न

हे सगळं महत्त्वाचं का, याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतला 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा प्रयोग. पाळी गेलेल्या, ५० ते ७९ वर्षांच्या ४८,८३५ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला स्निग्ध पदार्थ ऊर्जेच्या २० टक्क्यांवर आणायला शिकवलं, दुसरा नेहमीसारखा राहिला. सरासरी आठ वर्षांनी, फेब्रुवारी २००६मध्ये निकाल आले. स्तनाचा कर्करोग पहिल्या गटात ९ टक्क्यांनी कमी होता, पण हा फरक योगायोगानंही पडू शकेल इतका लहान होता. हृदयविकारात फरक पडला नाही.

जगभर मथळे झळकले की कमी स्निग्ध आहाराचा उपयोग नाही. पण त्या स्त्रियांनी चरबी खरंच कमी केली होती का? प्रश्नावलीनुसार दोन गटांतला फरक पहिल्या वर्षी १०.७ आणि सहाव्या वर्षी ८.१ टक्के-बिंदूंचा होता. २० टक्क्यांचं लक्ष्य सहाव्या वर्षी फार थोड्या जणींनी गाठलेलं होतं. आणि ज्यांना "कमी खा" असं सतत शिकवलं जात होतं, त्याच प्रश्नावली भरत होत्या.

विलेट यांच्यासारख्या टीकाकारांनी रक्ताकडे बोट दाखवलं. चरबी एवढी कमी होऊन त्या जागी पिष्टमय पदार्थ आले असते तर एचडीएल उतरायला आणि ट्रायग्लिसराइड चढायला हवं होतं. मोजून दिलेल्या आहारांच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलं आहे. इथे दोन्ही गटांत त्यांत लक्षणीय फरक नव्हता. वाईट समजलं जाणारं एलडीएल कोलेस्टेरॉल पहिल्या गटात फक्त साडेतीन मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटर रक्तामागे) आसपास जास्त उतरलं. म्हणजे सांगितला गेला तेवढा बदल ताटात झालाच नसावा, असा त्यांचा युक्तिवाद.

मला तो वजनदार वाटतो, पण त्यालाही उत्तर आहे. त्या स्त्रियांनी भाज्या, फळं, धान्यं वाढवली होती आणि सुरुवातीला त्यांचं वजनही थोडं उतरलं होतं. वजन उतरलं, तंतुमय पदार्थ वाढले की ट्रायग्लिसराइडची वाढ झाकली जाऊ शकते. म्हणजे रक्तानं प्रश्नावलीवर शंका उभी केली, पण निकाल दिला नाही. आठ वर्षांच्या एवढ्या मोठ्या प्रयोगानंतरही 'कमी स्निग्ध आहार निरुपयोगी' आणि 'कमी स्निग्ध आहार घेतलाच गेला नाही' यांतलं खरं काय, यावर वाद शिल्लक राहिला. माझ्या दृष्टीनं ही या क्षेत्राची सगळ्यात दुखरी जागा आहे.

रक्तही चुकतं, आठवणही चुकते. मग दोन्ही कशाला?

दोघांच्या चुकांची कारणं वेगळी असतात म्हणून. काकूंनी आज पळीचा अंदाज कमी सांगितला तर उद्याच्या प्रश्नावलीतही कमीच सांगतील. त्यामुळे एका प्रश्नावलीची खातरजमा दुसऱ्या प्रश्नावलीनं केली की दोन्ही जुळतात आणि आपण उगाच खूश होतो. रक्ताच्या चुका आठवणीतून येत नाहीत. त्या यकृतातून, आनुवंशिकतेतून, आजारांतून येतात. काकूंना काय वाटतं, काय सांगायला संकोच वाटतो, याचा त्यांच्याशी संबंध नाही. म्हणून संशोधक प्रश्नावली, वही आणि रक्त अशा तिघांची आपसांत किती जुळणी होते ते पाहतात. त्यावरून प्रत्येकाची चूक किती असावी याचा अंदाज काढता येतो.

याचं एक सुंदर उदाहरण आपल्या जवळचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांना आहार विचारला गेला, रक्तही घेतलं गेलं. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, गरोदरपणाच्या २८व्या आठवड्यात हिरव्या पालेभाज्या जास्त वेळा खाणाऱ्यांची बाळं आकारानं मोठी निघाली. नुसतं एवढंच असतं तर शंका घेता आली असती की पालेभाजी खाल्ली असं सांगणं चांगलं दिसतं. पण त्याच स्त्रियांच्या तांबड्या पेशींतल्या फोलेटचा, म्हणजे पालेभाज्यांत भरपूर असणाऱ्या जीवनसत्त्वाचाही, बाळाच्या आकाराशी तसाच संबंध दिसला. तोंडी उत्तर आणि रक्त एकाच दिशेला गेले, म्हणून विश्वास वाढला.

त्याच अभ्यासात १८व्या आठवड्यात स्निग्ध पदार्थ जास्त घेणाऱ्या मातांची बाळंही लांबीनं आणि वजनानं जास्त होती. पण हा आकडा विचारून काढलेला. एकूण स्निग्धांशाची सरळ खूणच नसल्यानं त्याला फोलेटसारखा रक्ताचा आधार देता येत नाही. तो आकडा यामुळे चूक ठरत नाही, पण त्याचं वजन थोडं कमी धरावं लागतं. बातमीत ही दोन प्रकारची विधानं शेजारी शेजारी, सारख्याच ठसक्यात छापली जातात.

मग आपण आपल्या घरी काय करायचं?

मेदाम्लांची सविस्तर तपासणी करून घेण्यात घरच्या माणसाला फारसा फायदा नाही. ती संशोधनासाठी उत्तम आहे. पण तिचा निकाल टक्क्यांत येणार आणि "तुम्ही रोज किती तेल खाता" याचं उत्तर देणार नाही. नेहमीचं लिपिड प्रोफाइल हृदयाचा धोका जोखायला आवश्यक आहे, ते डॉक्टर सांगतील तेव्हा जरूर करावं. त्यातून तेलाची चौकशी मात्र करू नये.

तेलाचा हिशोब डब्यावरून करावा. नवा डबा किंवा पिशवी फोडली की त्यावर तारीख लिहायची, संपली की पुन्हा तारीख लिहायची. चार जणांच्या घरात महिन्याला ४ लिटर लागत असेल, तर एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम धरून माणशी रोजचे ३० ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० किलोकॅलरीच्या आहारासाठी सुचवलेल्या ताटात तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. पाहुणे आले, दिवाळीचा फराळ झाला, तळणाचं तेल उरलं, तर त्या महिन्याचा आकडा हलेल, म्हणून तीन-चार महिन्यांची सरासरी काढावी. हॉटेलातलं जेवण, वडापाव, फरसाण यात येत नाही, ते किती वेळा झालं याच्या रेघा त्याच वहीत माराव्यात. तूप-लोण्याचा हिशोब वेगळा ठेवावा. दूध, दाणे, मांस यांतला न दिसणारा स्निग्धांशही यात नाही.

आणि ट्रायग्लिसराइड वाढलेला रिपोर्ट हाती आला, तर ही वही डॉक्टरांना दाखवावी. तेल खरंच कमी झालं असेल तर त्यांनी ते मान्य करावं आणि पुढचे प्रश्न भात, पोळ्या, साखरेचा चहा, बिस्किटं, दारू, वजन, रक्तशर्करा, थायरॉइड आणि चालू औषधं यांबद्दल विचारावेत.